विद्यार्थ्यांना पहारेकऱ्यांइतकेच अंधारात राहू द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साहित्याची परीक्षा देणाऱ्या एका विद्यार्थिनीने गेल्या आठवड्यात मला तिची टिपणे तपासायला दिली. विषय होता शेक्सपिअरचे 'हॅम्लेट'. पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशाबद्दल त्या वहीत दोनच वाक्ये होती: 'मध्यरात्री पहारेकऱ्यांना मृत राजाचे भूत दिसते. गूढ वातावरणनिर्मिती होते.' पुढची आठ पाने हॅम्लेटच्या स्वगतांवर होती. मी तिला विचारले की, हा प्रवेश वर्गात वाचला का? ती म्हणाली, "सरांनी कथानक सांगितले आणि आम्ही दुसऱ्या प्रवेशापासून सुरुवात केली." दोष त्या शिक्षकांचाच आहे असे मला म्हणायचे नाही, कारण नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही नेमके हेच केले होते. अभ्यासक्रम मोठा, तास थोडे आणि नायक दुसऱ्या प्रवेशात येणार. तेव्हा पहिला प्रवेश दोन वाक्यांत उरकला तर काय बिघडते, असे मला वाटत असे. काय बिघडते ते सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे, कारण त्या दोन वाक्यांत प्रवेशाचा सारांशही येत नाही. प्रवेशातील पात्रांना जे अखेरपर्यंत नीट कळत नाही, ते विद्यार्थ्याला आधीच सांगून टाकले जाते.

नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा, किंवा खरे तर उघडतही नाही, कारण शेक्सपिअरच्या रंगमंचाला दर्शनी पडदा नव्हता, डेन्मार्कमधल्या एल्सिनोरच्या किल्ल्यावर फ्रान्सिस्को नावाचा शिपाई पहाऱ्यावर उभा आहे. त्याला मोकळे करायला बर्नार्डो येतो. पहाऱ्याचा साधा नियम असा की, जो जागेवर उभा आहे त्याने हटकायचे आणि जो येत आहे त्याने ओळख द्यायची. पण नाटकाचे पहिले वाक्य, "कोण आहे तिथे?", हे येणारा बर्नार्डो बोलतो. फ्रान्सिस्को लगेच त्याला थांबवतो: "नाही, उत्तर तू मला द्यायचे. थांब आणि तू कोण ते सांग." मूळ ओळीत सगळा भार 'मला' या शब्दावर आहे आणि मराठीत तो भार शब्दांच्या क्रमानेही दाखवता येतो. हा शिस्तीचा बारीकसा भंग आहे, पण त्यामागे एक कारण आहे. बर्नार्डोने गेल्या दोन रात्री काहीतरी पाहिले आहे. अंधारात उभी असलेली आकृती आपल्या सोबत्याची आहे की त्या दुसऱ्या कशाची, याची त्याला खात्री नाही. ज्याने उत्तर द्यायचे तोच प्रश्न विचारतो, कारण तो घाबरलेला आहे, आणि तो घाबरलेला आहे हे त्याने एका शब्दानेही सांगितलेले नाही.

हे मी उगाच ताणून वाचते आहे असे ज्यांना वाटेल, त्यांच्यासाठी एक पुरावा आहे. 'हॅम्लेट'च्या तीन जुन्या छापील संहिता उपलब्ध आहेत: १६०३ची पहिली क्वार्टो (म्हणजे लहान आकाराचे, एकाच नाटकाचे पुस्तक), १६०४-०५ची दुसरी क्वार्टो आणि १६२३चा फोलिओ, म्हणजे त्याच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह. पैकी १६०३ची आवृत्ती १८२३ सालापर्यंत कोणाला ठाऊकच नव्हती आणि आजही तिच्या दोनच प्रती हाती आहेत. त्या आवृत्तीत या दोन पहारेकऱ्यांच्या वाक्यांआधी नावांऐवजी नुसते '१' आणि '२' छापले आहे, आणि प्रसंग नियमाप्रमाणे घडतो: जागेवरचा शिपाई हटकतो, "थांब, कोण आहे?", आणि येणारा सांगतो, "मी." प्रश्न योग्य माणसाने विचारला, उत्तर योग्य माणसाने दिले आणि प्रसंगातला सगळा प्राण गेला. त्या प्रतीच्या जन्माबद्दल विद्वानांत वाद आहेत; मला त्यांत शिरायचे नाही. पण दोन्ही सुरुवाती फळ्यावर शेजारी शेजारी लिहून 'फरक काय?' एवढेच विचारले, तर पंधरा मिनिटांत वर्गाला नाट्यलेखनाबद्दल जे कळते ते 'वातावरणनिर्मिती' या शब्दाने वर्षभरात कळत नाही. हा प्रयोग मी अनेक वर्षे केला आणि प्रत्येक वेळी कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणत असे, "पण मॅडम, दुसरा माणूस का विचारतोय?" त्या क्षणी नाटक सुरू झालेले असे.

यापुढचे वाक्यही सहज निसटून जाते. हटकल्यावर बर्नार्डो आपले नाव सांगत नाही, तो म्हणतो, "राजा चिरायू होवो!" परवलीच्या शब्दासारखेच हे उत्तर आहे. फ्रान्सिस्को त्याला आवाजावरून ओळखतो. कोणता राजा, हे कोणी विचारत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही, आणि खटकू नये हेच बरोबर आहे. एक राजा नुकताच वारला आहे, दुसरा गादीवर आहे, आणि या दोघांमध्ये काय घडले ते पाचव्या प्रवेशात उघड होते. ते ऐकून जो विद्यार्थी मागे वळून हे वाक्य पुन्हा वाचेल, त्याला ते दुसऱ्यांदा वाचताना जो धक्का बसेल तो कोणत्याही तळटीपेने बसणार नाही.

फ्रान्सिस्को हा माणूस तर मला कायम अस्वस्थ करतो. पहारा सुपूर्द करताना तो म्हणतो की, सुटका केल्याबद्दल आभार, थंडी फार कडक आहे, आणि माझे मन आजारी आहे. त्याचा पहारा शांत गेला आहे. उंदीरसुद्धा हलला नाही, असे तोच सांगतो. त्याने भूत पाहिलेले नाही. मग त्याचे मन का खचले आहे? नाटक याचे उत्तर देत नाही. काही ओळींनंतर तो जातो आणि पुन्हा कधीच दिसत नाही. नाटकातले पहिले दुःख राजपुत्राचे नाही. ज्याला पुढे काही कामच नाही अशा एका साध्या शिपायाचे, कारण न कळलेले दुःख ते आहे. पुढच्या प्रवेशात काळे कपडे घातलेला हॅम्लेट येतो तेव्हा त्याचे मन एकट्याचेच आजारी नाही, हे फ्रान्सिस्कोला ऐकलेल्या वाचकालाच जाणवते. गाईडमध्ये त्याचा उल्लेख बहुधा 'एक पहारेकरी' एवढाच असतो.

आता त्या 'वातावरणा'विषयी. १५९९ साली लंडनमध्ये ग्लोब नाट्यगृह उभे राहिले आणि त्यानंतर एक-दोन वर्षांतच हे नाटक लिहिले गेले. त्या नाट्यगृहाचा मधला भाग उघडा होता आणि प्रयोग दुपारी, भर उजेडात होत. म्हणजे एकमेकांना न ओळखणारे हे शिपाई प्रेक्षकांना लख्ख दिसत होते. दिवे मंद करण्याची सोय नव्हती. तरीही रात्र उभी करायची होती आणि ती केवळ बोलण्यातून उभी करायची होती. म्हणूनच तुटक वाक्ये आहेत, नावे पुन्हा पुन्हा विचारली जातात, बाराचे ठोके पडल्याचा उल्लेख आहे, थंडी आहे. पहिल्या वीस ओळींत 'कोण आहे' या अर्थाचा प्रश्न तीनदा येतो. हॅम्लेटचा शिकलेला मित्र होरेशिओ आणि पहाऱ्यावरचा मार्सेलस येतात तेव्हा फ्रान्सिस्को त्यांना हटकतो, आणि या वेळी प्रश्न योग्य तोंडी असतो. पुढे बर्नार्डो विचारतो, "होरेशिओ आहे का तिथे?" आणि होरेशिओ उत्तरतो, "त्याचा एक तुकडा आहे." थंडीत गारठलेल्या माणसाचे हे उत्तर असेल, किंवा अंधारात पुढे केलेल्या हाताचे. पण वर्गात दिवे बंद करून ही पहिली पाने कोणीतरी मोठ्याने वाचली, तर ऐकणाऱ्याला समजते की, या लोकांना एकमेकांचे फक्त आवाज उपलब्ध आहेत. संहिता डोळ्यांनी वाचताना प्रत्येक ओळीआधी पात्राचे नाव छापलेले असते, त्यामुळे कोण बोलते आहे हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. पात्रांना मात्र दुसरा प्रश्नच नाही.

'भूत दिसते' या शब्दांबद्दल माझी खरी तक्रार आहे. संपूर्ण पहिल्या प्रवेशात कोणत्याही पात्राच्या तोंडी 'भूत' हा शब्द नाही. तो फक्त रंगसूचनेत आहे, म्हणजे नटांसाठी आणि वाचकांसाठी. पहाऱ्यावरचे लोक त्याला आधी 'ती गोष्ट' म्हणतात, मग 'ते भयंकर दृश्य', मग 'ते', मग 'राजासारखे'. होरेशिओ एकदा त्याला 'आभास' म्हणून हाक मारतो, आणि 'आत्मा' हा शब्द प्रवेशाच्या उत्तरार्धात येतो. नाव देण्याची ही धडपड म्हणजेच प्रवेशाचा विषय आहे, आणि आपण सारांशाच्या पहिल्याच ओळीत नाव देऊन ती संपवतो. "ती गोष्ट आज पुन्हा दिसली का?" हे वाक्य तरी कोणाचे? १६०४-०५च्या प्रतीत ते होरेशिओचे आहे, फोलिओत मार्सेलसचे. होरेशिओ म्हणत असेल तर त्यात अविश्वास आहे, कदाचित थोडी थट्टाही. मार्सेलस म्हणत असेल तर धास्ती आहे. शब्द तेच, आणि बोलणारा बदलला की अर्थ उलटा होतो. परीक्षेला असा प्रश्न घातला तर पाठ केलेले उत्तर चालणार नाही; म्हणूनच तो घालावा असे मी अनेकदा सुचवले होते.

भूत येते तेही कसे येते पाहा. बर्नार्डो होरेशिओला काल रात्रीची हकीकत ऐकायला बसवतो. वाक्य लांब आणि सावकाश आहे: ध्रुवाच्या पश्चिमेचा तो तारा आता जिथे चमकतो आहे त्या जागी आला होता, मार्सेलस आणि मी, घड्याळात एकाचा ठोका पडत होता... वाक्य पूर्ण होत नाही. ते क्रियापदापर्यंत पोहोचतच नाही, आणि ज्याचे वर्णन व्हायचे ते स्वतःच समोर येते. गोष्ट ऐकण्यासाठी आपण सैल बसलेले असतो, बर्नार्डोच्या बोटाबरोबर आकाशाकडे बघत असतो, आणि नेमके तेव्हाच ते येते. रंगभूमीवर भीती कशी निर्माण करावी याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

मार्सेलस होरेशिओला म्हणतो की, तू शिकलेला आहेस, तू त्याच्याशी बोल. होरेशिओ बोलतो आणि एक शब्द वापरतो, जो मी विद्यार्थ्यांना अधोरेखित करायला सांगत असे, पण का ते सांगत नसे. तो विचारतो: रात्रीची ही वेळ आणि आमच्या मृत राजाचे हे युद्धवेषातले रूप 'बळकावणारा' तू कोण? इंग्रजीतला हा शब्द गादी हडप करणाऱ्याला लावतात. ज्याचे राज्य, पत्नी आणि प्राण बळकावले गेले, त्यालाच होरेशिओ बळकावणारा म्हणतो. मार्सेलस लगेच म्हणतो, "ते दुखावले आहे," आणि आकृती चालू लागते. हा आरोप खरा आहे, पण चुकीच्या व्यक्तीवर. सुरुवातीचा प्रश्न योग्य होता, पण चुकीच्या तोंडी होता. हा प्रवेश असाच रचलेला आहे: प्रामाणिक, सावध, शहाणी माणसे बरोबर शब्द चुकीच्या ठिकाणी वापरत जातात.

या ठिकाणी मराठीतून शिकवणाऱ्याला एक जास्तीचा फायदा आहे, तो आपण घ्यावा. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' प्रसिद्ध केले तेव्हापासून हे नाटक मराठीत आहे, आणि त्याला हात घालणाऱ्या प्रत्येक अनुवादकाला या प्रवेशात सर्वनामाचा पेच सोडवावा लागतो. होरेशिओने या आकृतीला काय म्हणावे? 'तू' म्हटले तर ते राजाचा अपमान करणारे, देवाला किंवा पिशाच्चाला करतात तसे संबोधन होते. 'तुम्ही' म्हटले तर समोर राजाच आहे हे मान्य केल्यासारखे होते. तिच्याविषयी बोलताना 'तो' म्हणावे, 'ते' म्हणावे, की आदरार्थी 'ते' म्हणावे? मराठीतला नपुंसकलिंगी 'ते' आणि आदरार्थी 'ते' सारखेच ऐकू येतात, आणि या प्रवेशात तो योगायोग वरदानासारखा आहे, कारण बोलणाऱ्यालाही ठाऊक नाही की, आपण वस्तूविषयी बोलतो आहोत की महाराजांविषयी. विद्यार्थ्यांना या पंधरा ओळी स्वतः मराठीत करायला सांगाव्यात. त्यातून भाषेचा आणि नाटकाचा अभ्यास एकाच वेळी होतो.

आकृती गेल्यावर सगळे खाली बसतात आणि मार्सेलस विचारतो की, हे रोजचे कडक पहारे कशासाठी, तोफा का ओतल्या जात आहेत, जहाजे बांधणाऱ्यांना रविवारची सुट्टीही का मिळत नाही? होरेशिओ मग नॉर्वेची हकीकत सांगतो: आपल्या मृत राजाने नॉर्वेच्या राजाला, फोर्टिनब्रासला, द्वंद्वयुद्धात मारले, करारानुसार त्याची भूमी जिंकली, आणि आता त्याचा तरुण मुलगा ती परत घ्यायला माणसे जमवतो आहे. प्रयोगांत हा भाग अनेकदा कापला जातो. १९४८च्या प्रसिद्ध चित्रपटात तर फोर्टिनब्रास मुळीच नाही. कंटाळवाणा भाग म्हणून वर्गातही तो गाळतात. पण तोफा ओतल्या जात असताना आपण कशासाठी पहारा देतो हेच शिपायाला माहीत नाही, ही गोष्ट लहान नाही. शिवाय होरेशिओचा तर्क पाहा. मृत राजा युद्धवेषात दिसला, म्हणजे राज्यावर बाहेरून संकट येणार, असे तो अनुमान काढतो. अनुमान अगदी तर्कशुद्ध आहे आणि पूर्ण चुकीचे आहे, कारण संकट तटाबाहेर नसून आत, नव्या राजाच्या रूपाने मेजवानी करत बसलेले आहे. सगळे बाहेरच्या दिशेने पहारा देत आहेत. आणि तरीही नाटकाच्या शेवटी डेन्मार्कचे राज्य खरोखरच फोर्टिनब्रासकडे जाते, तेव्हा होरेशिओ कोणत्या अर्थाने चुकला हा प्रश्न पुन्हा उघडतो. हा भाग गाळला की, तो प्रश्न विचारायची सोयच राहत नाही.

याच हकीकतीत 'हॅम्लेट' हे नाव नाटकात पहिल्यांदा उच्चारले जाते, आणि ते मृत बापाचे असते. मुलाचे नाव प्रवेशाच्या अगदी शेवटी येते, तेही 'तरुण हॅम्लेट' असे. तिकडे फोर्टिनब्रासही बापाचे नाव लावणारा मुलगा. नायक रंगमंचावर येण्याआधीच त्याचे नाव दुसऱ्याने वापरून झालेले आहे, त्याच्या हातून काय अपेक्षित आहे हे बापांच्या हकीकतीने ठरवून टाकले आहे. यावर मी इथे अधिक लिहीत नाही. कोणत्याही हुशार विद्यार्थ्याला हे धागे दाखवले की, तो पुढचे स्वतः विणतो. सीझरच्या मृत्यूपूर्वीच्या रोममधल्या अपशकुनांचा जो उतारा इथे येतो, तो फोलिओत नाही. वेळ कमी असेल तर तेवढा सोडला तरी चालेल.

आकृती पुन्हा येते तेव्हा होरेशिओ तिला बोलते करण्याचा शिकस्तीचा प्रयत्न करतो: तुझ्यासाठी काही पुण्यकृत्य करायचे आहे का, देशाचे काही भवितव्य तुला ठाऊक आहे का, अन्यायाने मिळवलेले धन कुठे पुरले आहेस का? ती बोलणार असे वाटत असतानाच कोंबडा आरवतो. गोंधळात मार्सेलस भाला चालवतो. 'इथे आहे', 'इथे आहे' असे ओरडत तिघे अंधारात वार करतात आणि हाती काही लागत नाही. नंतर मार्सेलसलाच लाज वाटते. इतक्या राजस आकृतीवर आपण हिंसेचा आव आणला, आणि ती तर वाऱ्यासारखी अभेद्य आहे, असे तो म्हणतो. ज्याच्या संरक्षणासाठी आयुष्यभर शस्त्र धरले, त्याच्यावरच घाबरून शस्त्र उचलले, ही या साध्या माणसाची खंत मला संपूर्ण नाटकातल्या सर्वांत निखळ भावनांपैकी एक वाटते. त्यानंतर पहाट होते. बाराच्या ठोक्यांपासून कोंबड्याच्या आरवण्यापर्यंतची रात्र सुमारे पावणेदोनशे ओळींत सरली आहे, आणि आकृतीने एक शब्दही उच्चारलेला नाही. होरेशिओ म्हणतो, आमच्याशी मुका राहिलेला हा आत्मा तरुण हॅम्लेटशी बोलेल.

म्हणून माझी शिक्षकांना विनंती आहे की, या नाटकाचे कथानक आधी सांगू नये. निदान पहिला तास तरी विद्यार्थ्यांना पहारेकऱ्यांइतकेच अंधारात राहू द्यावे. बर्नार्डो का घाबरला आहे, ती 'गोष्ट' काय आहे, होरेशिओचा तर्क बरोबर की चूक, हे त्यांना प्रवेशाबरोबर कळू द्यावे आणि चुकू द्यावे. 'भूत' हा शब्द फळ्यावर लिहू नये. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती अशी की, 'पहिल्या प्रवेशातील वातावरणनिर्मिती स्पष्ट करा' हा प्रश्न आता थांबवावा आणि त्याऐवजी चार ओळींचा उतारा देऊन कोण कोणाला विचारते आहे, त्याला आधीपासून काय माहीत आहे आणि काय नाही, असे विचारावे. आणि विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकांनी प्रवेशाच्या आधी चौकटीत छापलेला सारांश प्रवेशाच्या नंतर छापावा. त्याने एका पानाचाही खर्च वाढणार नाही.

त्या विद्यार्थिनीला मी तिची वही परत केली तेव्हा त्या दोन वाक्यांखाली काही दुरुस्ती लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी तिला बोलावले, खोलीतला दिवा घालवला आणि फ्रान्सिस्कोची वाक्ये मी म्हटली, बर्नार्डोची तिने पाठ करून आणली होती ती तिने म्हटली. पहिलेच वाक्य म्हणून ती थांबली आणि तिने विचारले, "हे मी का विचारते आहे?"

आपली,
साहित्याची एक निवृत्त शिक्षिका